मोळ्या कोणाच्या, पाणी कोणाचं?

"नाक दाब! आधी नाक दाब, मंग काठी मार!" पुंजाराम ओरडला.

"एका हातानं नाक दाबलं तं काठी काय दातात धरू बे?" देवीदास त्याच्याहून मोठ्यानं ओरडला.

"दोघंही गप्प बसा!" शकुन म्हणाली. "तराफा हलून राह्यला. मी पडली नं या घाणीत, तं तुमाले दोघालेही संगं ओढीन!"

भोपळ्यांचा तो तराफा पुंजारामच्या बापाचा. पुंजाराम भोयाचा मुलगा, वय जेमतेम दहा; पण पाण्यात सोडला की त्याच्यापुढं भलेभले गार! देवीदास शकुनचा चुलतभाऊ. तो अकोल्याला जुन्या शहरात मामाकडं राहून हायस्कुलात शिकत होता आणि नाताळच्या सुट्टीत गावी आला होता. आल्यापासून त्याचं एकच चाललं होतं, "आमचे मास्तर म्हनते, डोळ्यानं पाह्यल्याबिगर कोनावर आळ घ्याचा नाई." आणि शकुन? शकुन तेरा वर्षांची होती, नत्थुजी माळ्याची धाकटी लेक. आज तराफा काढायची कल्पना तिचीच होती, आणि ती सुट्टीची गंमत म्हणून मुळीच नव्हती.

तलावाचं पाणी काळं पडलं होतं. डोळ्यांनी पाहवत नव्हतं आणि नाकानं सोसवत नव्हतं. काठाला मासे पोट वर करून लागले होते. कावळेसुद्धा त्यांना तोंड लावत नव्हते, म्हणजे बघा! आणि तरीही दोन्ही गावांतल्या बाया रोज सकाळी त्याच पाण्यात घागरी बुडवत होत्या. गावातल्या विहिरींनी केव्हाच तळ दाखवला होता, आणि मळ्यांतल्या विहिरींत तलावाचंच काळं पाणी झिरपत होतं. दुसरं पाणी होतं कुठं?

दोन गावं म्हणजे अलीकडं धानोरी आणि पलीकडं तळणी. धानोरी अकोला जिल्ह्याच्या अगदी खालच्या टोकाला. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांतातून चाले, म्हणजे धानोरीवर राज्य इंग्रजांचं. तळणी होती निजामाच्या मुलखात. त्याला सगळे मोगलाई म्हणत. तलावाच्या मधोमध पाण्यात एक दगडी खांब उभा होता. तीच हद्द! खांबाच्या अलीकडचं पाणी इंग्रजांचं आणि पलीकडचं निजामाचं. माशांना हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते इकडून तिकडं खुशाल फिरत. आता मात्र तेही मेले होते.

हे कशानं झालं, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अंबाडीनं! अंबाडी कापून तिच्या मोळ्या बांधायच्या, पाण्यात बुडवून वर दगड ठेवायचे, आणि साल सडून सुटली की वाख काढून दोर वळायचे, ही बापजाद्यांपासूनची रीत. पण मागे पटकीची साथ आली, दोन्ही गावांतली माणसं पटापटा गेली. तेव्हा दोन्ही सरकारांनी हुकूम काढला, पिण्याच्या तलावात कोणी अंबाडी सडवायची नाही. धानोरीचा कोतवाल धानोरीच्या काठावर फिरे, तळणीचा तळणीच्या. दोघेही शपथेवर सांगत होते की आमच्या गावातल्या एकानंही आपल्या काठाला मोळी टाकलेली नाही.

"मंग तळणीवाले लबाड!" असं धानोरीत म्हणत.

"धानोरीवालेच चोर!" असं तळणीत.

शेवटी तळणीच्या पंचांनी ठरवलं, धानोरीशी येणंजाणं बंद! बैल जायचा नाही, माणूस जायचा नाही, की माहेरपणाला लेक जायची नाही.

शकुनची थोरली बहीण कौशल्या तळणीत दिली होती. तिला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाबा गाडी घेऊन आणायला गेले होते. तिचे सासरे सूर्यभानजी यांनी त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. तेव्हापासून दोघी बहिणी पाण्याला येत, ही या घाटावर, ती त्या घाटावर. मध्ये एवढं पाणी! नुसता हात हलवायचा. पण आताशा ताई घाटावर दिसेनाशी झाली होती. शकुन तरी घागर भरून झाल्यावरही घाटावर थांबून राही. मोळ्या तळणीच्या आहेत हे एकदा सिद्ध झालं की सूर्यभानजींची मान खाली जाईल आणि ताई घरी येईल, एवढा सरळ हिशेब तिनं मांडला होता.

"लागली!" पुंजाराम ओरडला. "काठीले काईतरी मऊ लागलं!"

त्यानं धाडकन उडी मारली. बुडबुडे आले, घाण उसळली, आणि पुंजाराम मोळीसकट वर आला! पानं झडलेल्या, सडून शेवाळलेल्या अंबाडीच्या काड्या. देवीदासनं मोळीची दोरी चाचपून पाहिली.

"पळसाच्या मुळीची दोरी!" तो म्हणाला.

शकुन टाळ्या पिटायची तेवढी राहिली. धानोरीत मोळी बांधतात ती अंबाडीच्याच वाखानं. पळसाच्या मुळ्या कुटून दोरी करायची पद्धत तळणीची. धानोरीच्या पाण्यात तळणीची मोळी!

"चोर सापडला!" ती ओरडली. "चाल, आत्ताच जानराव पाटलाले दाखवू!"

"थांब वं," देवीदास म्हणाला. "तिकडचंही पानी पाहू. आमचे मास्तर म्हनते..."

"जळले तुमचे मास्तर! तिकडं काय पाह्याचं?"

"मंग भेतं काहून?"

असं म्हटल्यावर शकुन थोडीच मागं हटणार! पुंजारामनं तराफा खांबाच्या पलीकडं लोटला आणि काठी टोचली. एकदा टोचली, दोनदा टोचली, आणि त्याचं तोंड उतरलं.

"शकूताई, अथी बी हायेत. लय हायेत."

त्यानं एक मोळी वर काढली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही वाखानं बांधलेल्या. धानोरीच्या!

तिघंही एकमेकांकडं बघत राहिली. मग सगळं लख्ख कळलं. आपल्या काठावर कोतवाल फिरतो, मग धानोरीचे लोक पहाटेच्या धुक्यात खांबापलीकडं मोळ्या सोडून येत होते, आणि तळणीचे लोक खांबाअलीकडं. आपल्या हद्दीतलं पाणी खराब केलं नाही म्हणून दोन्हीकडची माणसं शपथ घ्यायला मोकळी! खोटं कोणीच बोलत नव्हतं.

"पन पानी तं एकच हाये नं?" पुंजाराम म्हणाला. "का मदात भिंत हाये?"

देवीदासला हसू येत होतं, पण शकुनकडं पाहून ते गळ्यातच राहिलं. ती तिसऱ्या मोळीची गाठ न्याहाळत होती. त्या गाठीचा पीळ उलटा होता, उजवीकडून डावीकडं. धानोरीत डावखुरा माणूस एकच. झेंडूच्या पाट्यांना, कोथिंबिरीच्या जुड्यांना, तिच्या लहानपणच्या पाळण्याला तिनं हीच गाठ पाहिली होती.

"ही बाबाची हाये," ती म्हणाली.

मळ्यात नत्थुजी मोट हाकत होते. शकुन बांधावरून धावत आली आणि एकदम म्हणाली, "बाबा, तुमी तलावात अंबाडी टाकली?"

नत्थुजींनी बैल थांबवले. "कोनं सांगतलं?"

"गाठीनं सांगतलं."

ते मोटेच्या नाड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हा नाडा पाह्य. पाऽर कुजला. उद्या तुटला तं भाजी वाळते, फुलं वाळते. मंग खातं काय? नदी कोरडी, नाला कोरडा. अंबाडी सडवावं कुठी, आभायात? सारं गाव टाकून राह्यलं. मी एकट्यानं नाई टाकली, तं तलाव काय गोड होनार हाये?"

"पन खांबाच्या पलीकडं काहून टाकली?"

"मंग काय आपल्या पान्यात टाकू? आपन पितो ते पानी! घरात लेकरं हायेत."

"बाबा," शकुन रडत म्हणाली, "तिकडचं पानी ताई पिते!"

नत्थुजी उभेच्या उभे राहिले. बैलांनी चार पावलं स्वतःच मागं टाकली, भरलेली मोट पुन्हा विहिरीत धपकन आदळली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.  मान खाली घालून त्यांनी बैल सोडले आणि गोठ्याकडं नेले. आपला बाप इतका लहान दिसलेला शकुननं कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर दोन्ही बाजूंचे साहेब तलावाची पाहणी करायला येणार असल्याची बातमी आली. इकडून तहसीलदार, तिकडून मोगलाईचे महसुली अंमलदार, गिरदावर. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हद्दीपाशी दोघांनी भेटायचं ठरलं. धानोरीत जानराव पाटलांची लगबग उडाली.

"पाटीलकाका, आमी तलावात मोळ्या पाह्यल्या," शकुन त्यांना सांगायला गेली.

"तळणीच्या नं? शाबास!"

"तळणीच्या बी आन् आपल्या बी."

पाटलांनी इकडंतिकडं पाहिलं. "आपल्याचं नाव काढू नको पोरी. साहेबापुढं गावाची इज्जत जाते. तळणीच्या तेवढ्या सांग." आणि ते हार आणवायला निघून गेले. हार कुठले? शकुनच्याच मळ्यातल्या झेंडूचे!

"तळणीतही असंच सांगत असतील," देवीदास कडवटपणे म्हणाला. "साहेब येईल, हार घालून घेईल, चालला जाईल."

"मंग लोकाईच्याच तोंडून वदवू," शकुन म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण डोकं झपाट्यानं चालत होतं. "सांगा, सडून तयार झालेली अंबाडी कोनी सोडन का?"

"जीव सोडन, अंबाडी नाई सोडनार!" पुंजाराम म्हणाला.

पाहणीच्या दिवशी तिघांनी सकाळपासून नुसता सपाटा लावला. पुंजाराम बुडी मारी, देवीदास ओढी, शकुन पाळीवर ढीग लावी. डाव्या हाताला धानोरीच्या पाण्यातल्या मोळ्या, उजव्या हाताला तळणीच्या पाण्यातल्या. साहेब मंडळी अजून चिंचेखाली चहा पीत होती, तेवढ्यात पुंजारामनं रॉकेलचा रिकामा डबा काठीनं बडवायला सुरुवात केली.

"ऐका हो ऐका! तलावातल्या मोळ्या भायेर काढल्या हो! ज्याची त्यानं वळखून न्या! रायल्या तं साहेब जाळून टाकते हो!"

दोन्ही गावांचे लोक पाळीवर साहेबांना बघायला जमलेच होते. "जाळून" हा शब्द कानावर पडायचा अवकाश! अंबाडी जाळणार? वर्षाचे दोर, दावी, नाडे जाळणार? एक म्हातारा धावला, त्याच्यामागं दुसरा धावला, आणि बघता बघता झुंबड उडाली. "ही माह्यी!" "हट बे, गाठ पाह्य, ही माह्यी!" "ओढू नको, वाख तुटते!" धानोरीचे लोक उजव्या ढिगावर तुटून पडले होते, तळणीचे डाव्या ढिगावर. कोणाच्या ध्यानातही आलं नाही! जानराव पाटलांचा गडी तर दोन्ही बगलांत मोळ्या मारून उभा राहिला.

"ये क्या तमाशा है?" गिरदावरसाहेब पाळीवर येत विचारू लागले.

शकुन पुढं झाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"साहेब, हा ढीग आमच्या पान्यातला. तो तळणीवाले वळखून नेऊन राह्यले. आन् हा ढीग त्याईच्या पान्यातला. तो आमच्या गावचे लोक नेऊन राह्यले. आता चोर कोन, ते तुमीच पाहा!"

झुंबड जागच्या जागी थांबली. प्रत्येकाच्या डोक्यावर, खांद्यावर मोळी. प्रत्येकाच्या अंगावरून काळं पाणी ठिबकत होतं. टाकावी तरी पंचाईत, धरावी तरी पंचाईत! देवीदास हसायचं नाही म्हणून ओठ चावून उभा होता. तळणीच्या लोकांत सूर्यभानजी होते. त्यांच्या खांद्यावर पळसाच्या दोरीनं बांधलेली भली मोठी मोळी होती.

उजव्या ढिगात एकच मोळी उरली.

"ही कोणाची?" तहसीलदारांनी विचारलं.

शकुननं खाली पाहिलं. तिला वाटलं, बाबांनी पुढं येऊ नये. तिला वाटलं, यावं. दोन्ही एकदमच वाटलं. गर्दी हलली. नत्थुजी आले, त्यांनी ती मोळी उचलली आणि साहेबांकडं न पाहता ते सूर्यभानजींसमोर जाऊन उभे राहिले.

"इवाई, ही माह्यी हाये," ते म्हणाले. "माह्या लेकीच्या पान्यात मीच टाकली."

सूर्यभानजींनी खांद्यावरची मोळी हळूच खाली ठेवली. "अन् मी तुमच्या पान्यात," ते पुटपुटले. "सुनेले उद्या धाडतो."

"उद्या काहून? आज धाडा. मी गाडी आनतो."

"आज..." सूर्यभानजी अडखळले. "तिले बरं नाई. पोट चालून राह्यलं. उठता येत नाई तिले."

त्यानंतर काय काय झालं, ते शकुनला धड आठवत नाही. तहसीलदारांनी तिघांना पुढं बोलावलं. "शाबास! मोठमोठ्या अंमलदारांना जमलं नसतं, ते या मुलांनी करून दाखवलं!" असं म्हणून त्यांनी आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढून शकुनच्या गळ्यात घातला. गिरदावरसाहेब "बहोत खूब!" म्हणाले. जानराव पाटील सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होते. जणू काही सगळं त्यांनीच शिकवून ठेवलं होतं! दोन्ही गावांना दंड झाला, येण्याजाण्याची बंदी उठली, आणि हुकूम पुन्हा वाचून दाखवला, पिण्याच्या तलावात कोणी अंबाडी सडवायची नाही.

"साहेब, मंग सडवावं कुठी?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. "त्याचा विचार करू," तहसीलदार म्हणाले, आणि घोडे आणायला सांगितलं.

"तलाव कधी चांगला होईन?" शकुननं देवीदासला विचारलं.

देवीदास उगीच शहाणपणा करणारा मुलगा. पण तो खोटं बोलला नाही. "पुढचा पावसाळा चांगला झाला तं होईन," तो म्हणाला. पावसाळ्याला अजून सगळा हिवाळा आणि सगळा उन्हाळा पडला होता. पुंजाराम म्हणाला, "आमी तं चाललो शकूताई. बाप म्हनते, मासोळ्या नाई तं अथी राहून काय कराचं? पैनगंगेकडं जातो." डबा बडवण्याचा सगळा उत्साह त्याच्या तोंडावरून पुसून गेला होता.

दिवस मावळायच्या आत बाबांची गाडी तळणीहून आली. गाडीत गवतावर गोधडी टाकून ताईला निजवलं होतं. शकुननं ओळखलंच नाही तिला. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. माय ताईला आधार देऊन घरात घेऊन गेली. सुईण गोदाबाई आत गेली. दार लागलं.

शकुन अंगणात उभी होती. गल्लीतले लोक येत-जात तिला म्हणत होते, "पोट्टी लय हुशार निघाली बाप्पा!" "नत्थुजी, नाव काढलं पोरीनं!" कोणी पाठ थोपटत होतं. शकुनला ते हात झिडकारून पळून जावंसं वाटत होतं.

दार उघडलं. गोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि नत्थुजींना म्हणाली, "माय वाचन. लेकरू पोटातच गेलं."

लोक एकेक करून निघून गेले. नत्थुजी ओसरीवर बसले आणि त्यांनी आपले दोन्ही तळहात समोर धरले, जणू ते दुसऱ्याच कोणाचे असावेत. शकुनला त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. हार काढला आणि ती आत गेली.

ताई भिंतीकडं तोंड करून पडली होती. पावलांची चाहूल लागताच तिनं कूस बदलली.

"शकू, पानी दे नं माय. लय तहान लागली."

शकुननं चुलीवर उकळून ठेवलेलं पाणी दुपदरी फडक्यातून गाळलं. ते नितळ झालं नाही. पुन्हा गाळलं. वास जात नव्हता. घरात दुसरं पाणी नव्हतं, गावात नव्हतं, हद्दीच्या पलीकडंही नव्हतं. तिनं फुलपात्र ताईच्या ओठांना लावलं. ताई घोट घोट प्याली आणि डोळे मिटून क्षीणपणे हसली.

"माहेरचं पानी," ती म्हणाली, "कितीक गोड लागते वं!"

शकुननं फुलपात्र पुन्हा भरलं.